वहिनींचं ताट

आमच्या दहावीच्या वर्गाचं दर दिवाळीत एकत्र जेवण असतं. १९८६ साली शाळा सुटली. मधली बरीच वर्षं कोण कुठं आहे याचाही पत्ता नव्हता, पण गेली पंधरा वर्षं हे जेवण नेमानं होतं. पुण्या-मुंबईला गेलेले त्या आठवड्यात घरी आलेले असतात, एकजण इंग्लंडातून येतो, आणि कोल्हापुरातच शाहूपुरी, राजारामपुरी, कसबा बावडा इथं राहिलेले आम्ही जागा ठरवतो. यंदा जागेवरूनच वाद झाला. एक मित्र म्हणाला, "हॉटेलात कशाला पैसे घालवायचे? माझ्या घरी या. घरच्यासारखं मटण बाहेर मिळतंय होय? तुमची वहिनी करेल की." त्याच आठवड्यात एका व्याख्यानाला गेले होते. घराघरातल्या चुली थंड पडत चालल्या आहेत, कुटुंबंच्या कुटुंबं हॉटेलात जेवायला लागली आहेत आणि यात संस्कार बुडत आहेत, असं वक्त्यांनी कळवळून सांगितलं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना एक कॉलेजातली मुलगी आईला म्हणाली, "आपले पैसे, आपण कुठंही जेवू."

हा वाद दोन्हीकडून चुकीचा घातला जातोय. एक बाजू संस्कृतीचं नाव घेते, दुसरी हौसेचं. ताटात काय होतं आणि त्याला किती पैसे पडले, एवढ्यावरच दोघांचं बोलणं संपतं. ताटावर कोण बसलं आणि कोण बसू शकलं नाही, हे दोघंही विचारत नाहीत. मला विचाराल तर जुन्या मित्रमैत्रिणींनी एकत्र जेवायचं असेल तर ते हॉटेलात, खानावळीतच जेवावं. परवडतं म्हणून नव्हे आणि चैन म्हणूनही नव्हे. पैसे दिले की कुणालाही बसता येतं असं टेबल आपल्या समाजात फार उशिरा आलं आणि ते येण्यासाठी माणसांनी मार खाल्ला आहे. त्या टेबलाकडे उधळपट्टी म्हणून पाहणं मला मान्य नाही.

त्या मित्राच्या घरी आम्ही पाच-सहा वेळा जेवलो आहोत, म्हणून मला ठाऊक आहे. वीस माणसांचं मटण म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. आदल्या रात्री आलं-लसूण सोलून ठेवायचं. सकाळी मटणाला हळद-मीठ लावून ते अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं, शिजवून घ्यायचं आणि त्या अळणी पाण्याचे दोन वाटे करायचे. एकाला नारळाचं दूध आणि काजू, खसखस, तिळाचं वाटण लावून पांढरा. दुसऱ्याला भाजलेलं खोबरं, कांदा आणि घरची कांदा-लसूण चटणी घालून तांबडा. पांढरा फुटू नये म्हणून मंद आचेवर, कुणीतरी जवळ उभं राहून. सुकं वेगळं, भात वेगळा, चौघा शाकाहाऱ्यांसाठी भरलं वांगं वेगळं. भाकरी तर गरमच लागते, म्हणजे आम्ही जेवत असताना तव्यापाशी कुणीतरी हवंच. ते कुणीतरी म्हणजे वहिनी. "तुम्ही बसा, मी मागनं बसते." इतक्या वेळा त्या घरी जेवले, पण वहिनींना जेवताना मी एकदाही पाहिलं नाही. आम्ही त्यांच्या पांढऱ्या रश्श्याचं तोंडभरून कौतुक करायचो आणि त्या पदराला हात पुसत दारात उभ्या राहून हसायच्या. आम्ही वर्गातल्या मुली पाहुण्या म्हणून बसायचो खरं, पण पहिलं वाढून झालं की आमच्यातली एकेक उठून आत जायची, कुणी थापायला, कुणी वाढायला. वर्गातली मुलं एकदा बसली की हात धुवायलाच उठायची. हे कुणी मुद्दाम केलं नाही. आमच्या त्या मित्राइतका दिलदार माणूस मी पाहिलेला नाही. पण त्याच्या घरचं ते जेवण अर्ध्या वर्गाचंच होतं, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही आणि माझ्याही फार उशिरा आलं.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. आणि असं काम करणारे पुरुषच मुळात शंभरातले २६. घरच्या जेवणाचा खर्च शून्य असतो असं जे आपण धरून चालतो, तो शून्य या २९९ मिनिटांवर उभा आहे. हॉटेलाचं बिल डोळ्यांना दिसतं, घरचं बिल कुणीतरी आधीच भरलेलं असतं, एवढाच फरक.

संत एकनाथांची श्राद्धाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. श्राद्धाच्या दिवशी घरात स्वयंपाक झालेला, त्याचा वास रस्त्यानं जाणाऱ्या महारांच्या कुटुंबापर्यंत गेला, आणि नाथांच्या घरानं ते अन्न त्यांनाच वाढलं. पैठणचे ब्राह्मण रागावले, जेवायला आले नाहीत, मग पितर स्वतः येऊन जेवून गेले. रोटीबंदी मोडणारी एवढी मोठी कथा दुसऱ्या भाषांत किती असतील कोण जाणे. पण या कथेत एक तपशील आहे, कीर्तनात तो पटकन येऊन जातो. वाढून झाल्यावर घर सारवून, आंघोळी करून स्वयंपाक पुन्हा नव्यानं झाला. तो गिरिजाबाईंनी केला. एका दिवसात दोनदा. ज्या अंगणात जातीची भिंत पडली, त्याच अंगणात चुलीपुढची बाई चुलीपुढंच राहिली. मी हे नाथांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. घरातली पंगत कितीही उदार झाली तरी तिच्यात एक जागा रिकामी राहते, एवढंच मला दाखवायचं आहे.

यावर पहिलं उत्तर मिळतं ते असं: मग पुरुषांनी करावं की! बरोबर आहे, करावं. आणि कोल्हापुरात पुरुषांना स्वयंपाक येत नाही असं कुणी म्हणूच नये. रानातल्या पार्टीत, जत्रेत, बोकड कापून दोनशे माणसांचं जेवण पुरुषच करतात. तीन दगडांवर डेग चढवून, चटणीचा अंदाज मुठीनं घेऊन, अगदी तोंडात बोटं घालावी असं. माझे वडील आणि चुलते मळ्यावर करायचे. त्या मटणाचा वास आम्हा पोरींना वस्तीपर्यंत यायचा. कारण मळ्यावर आम्हाला नेत नसत. डबा घरी यायचा. म्हणजे पाहा, बाई रांधते तेव्हा ती पंगतीत नसते आणि पुरुष रांधतो तेव्हाही ती पंगतीत नसते. हा नुसता कामाच्या वाटणीचा प्रश्न असता तर रानातल्या चुलीनंच तो सोडवला असता. प्रश्न जागेचा आहे. घर हे कुणाच्या तरी मालकीचं असतं, मळा कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि तिथं कोण कुठं बसणार हे आपण पोचण्याआधीच ठरलेलं असतं.

चवीबद्दल थोडक्यात. घरची ती अस्सल, बाहेरची ती बाजारी, हे मला फारसं पटत नाही. ज्या मिरचीवर आपला तांबडा उभा आहे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली, आणि पांढऱ्यातला काजूही त्यांच्याच जहाजांतून, ब्राझीलहून. आपली सर्वांत घरगुती चव बंदरावरून, बाजारातून, परक्यांच्या हातून आपल्या चुलीवर आली आहे. तेल जास्त असतं, रंग घालतात, पोटाला त्रास होतो, हे आक्षेप खरे आहेत. वर्षातून चार वेळा जेवणाऱ्यानं जागा पारखून घ्यावी आणि रोज जेवणाऱ्यानं जपावं. तेवढ्यासाठी संस्कृतीला मध्ये आणायचं कारण नाही.

संस्कृतीच आणायची तर पुरती आणू. एका कप चहानं या महाराष्ट्रात काय काय झालं आहे, हे आपण विसरलो आहोत. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली. तिथं चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी घेतली, कुणी नुसती हातात धरली. नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक हे एरवी एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे असलेले दोघंही त्यात सापडले. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, प्रायश्चित्तं झाली, रानड्यांसारख्या सुधारकानं अखेर प्रायश्चित्त घेतलं म्हणून त्यांचेच अनुयायी दुखावले. हायकोर्टाचे न्यायमूर्ती होण्याच्या वाटेवर असलेल्या माणसाला कुणाच्या हातचा चहा प्यायला याचा जाब द्यावा लागत होता. तो संस्कारांचा सुवर्णकाळ होता का? कारण घरचंच खावं, घरच्यांच्याच हातचं खावं, हा नियम तेव्हा अगदी कडक पाळला जात होता.

आणि मग आपलं कोल्हापूर. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या नोकरीत होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारण्यात आलं. शाहू महाराज परगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण महाराज तिथं थांबले नाहीत, आणि हेच मला फार मोठं वाटतं. त्यांनी गंगारामांना चाकरीतून मोकळं केलं आणि स्वतंत्र धंदा करायला सांगितलं. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. चहा उत्तम, दुकान स्वच्छ, पण गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबायला लागली. महाराज स्वतः चहा मागवायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. छत्रपतींच्या हातात कप असताना नाही कोण म्हणणार?

विचार करण्यासारखं आहे. महाराज गंगारामांना वाड्यावर बोलावून पंगतीला बसवू शकले असते. पण वाड्यावर बसवणं म्हणजे उपकार झाला असता, महाराज गेल्यावर पंगतही संपली असती. हॉटेलात मात्र गंगाराम मालक होते. राजा तिथं गिऱ्हाईक होता. शिक्षणासाठी याच राजाला जातवार बोर्डिंगं काढावी लागली होती: १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. मुलं शिकायची तर आधी त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, आणि त्या काळात एक स्वयंपाकघर सगळ्यांना चाललं नसतं. त्या बोर्डिंगांनी हजारो घरं उभी केली, याबद्दल कृतज्ञताच आहे. पण जिथं स्वयंपाकघर जुळत नव्हतं तिथं चहाचं टेबल जुळलं. आमच्या वर्गात दलित आहेत, मराठे आहेत, जैन, लिंगायत, मुसलमान, ब्राह्मण आहेत. १९८६ मध्ये यातल्या किती जणांनी एकमेकांच्या घरी जेवण केलं होतं? मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. शाळेत डबे एकत्र उघडायचो, पण घरी जेवायला बोलावणं जवळजवळ जातीतच फिरायचं. त्या काळात आम्ही सगळे एकत्र बसून खाल्लं ते खासबागेजवळच्या भेळेच्या गाडीवर.

राज्यघटना लिहिणाऱ्यांनाही हे टेबल केवढं महत्त्वाचं आहे हे कळलं होतं. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचं नाव घेऊन सांगितलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांनी तिथं कुणालाही अडवता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात हॉटेल! १९५५ च्या अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्यात तर हॉटेलातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला गेला, कारण वेगळी कपबशी ठेवण्याची चाल सगळ्यांना माहीत होती. तो हक्क आपल्या पुढच्या दारापाशी येऊन थांबतो. आपल्या घरात कुणाला जेवायला बोलवायचं, हे घटना सांगत नाही आणि सांगूही नये. म्हणूनच जी जागा घटनेच्या हद्दीत येते, तिथं जेवणाचं मोल वेगळं.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. हॉटेलं काही जन्मतः उदार नव्हती. मी सात-आठ वर्षांची असताना वडिलांनी आम्हाला पहिल्यांदा हॉटेलात नेलं तेव्हा आम्ही पडदा लावलेल्या 'फॅमिली रूम'मध्ये बसलो. बाहेर बाकांवर सगळे पुरुष. आईनं डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही आणि मिसळ अर्धी टाकली. त्या काळी एकटी बाई हॉटेलात दिसली तर तिच्याविषयी काय बोललं जायचं, ते मी इथं लिहिणार नाही. आजही भिंती नव्या रूपात येतात. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत मेसमधली काही टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखण्यावरून वाद पेटला. देशातल्या एवढ्या हुशार मुलांच्या जेवणघरातही वेगळी पंगत परत येऊ शकते, तर खानावळीचं काय घेऊन बसलात? हे सगळं खरं आहे. पण या भिंतींविरुद्ध बोलता येतं, तक्रार करता येते, पडदा काढायला लावता येतो, आणि पडदे निघालेच की. आता महाद्वार रोडच्या गर्दीत बायकांचे घोळके बिनधास्त खायला बसतात. घरातला पंक्तिप्रपंच मात्र प्रेमाच्या नावाखाली चालतो, त्याविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची? तो मोडायचा म्हणजे आपल्याच माणसाचं मन मोडायचं, आणि तिथं सगळ्यांची जीभ जड होते.

इंग्लंडातला मित्र एक गोष्ट नेहमी सांगतो. तिथं तो, एक तमिळ, एक पंजाबी आणि दोन गुजराती असे महिन्यातून एकदा 'इंडियन' रेस्टॉरंटात जेवतात. त्या देशातली अशी पुष्कळ हॉटेलं मूळच्या सिल्हेटच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या लोकांनी चालवली. लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं पहिलं हॉटेल १८१० साली दीन महंमद नावाच्या बिहारकडच्या माणसानं काढलं होतं. आपल्या पदार्थांची चव तिथं पुरती बदललेली असते, तो स्वतःच सांगतो की त्या मेनूवरच्या निम्म्या गोष्टी त्याच्या आजीला ओळखू आल्या नसत्या. तरी ते जेवण तो चुकवत नाही. कारण त्या टेबलावर कुणाचं घर नाही, म्हणून कुणी पाहुणा नाही आणि कुणी यजमान नाही. शाकाहारी आणि मांसाहारी एका टेबलावर, आपापलं ताट. आमच्यातही हेच आहे. आमच्या जैन मैत्रिणीच्या घरी मटण शिजू शकत नाही, आणि जिथं मटण शिजलं तिथं तिला जेवणं जड जातं. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, जोतिबाच्या भक्तांचा रविवार. हे सगळं एका घरात बसवायचं तर कुणालातरी उपाशी ठेवावं लागतं नाहीतर कुणालातरी संकोचात. खानावळीत एकीपुढं अख्खा मसूर आणि भाकरी, दुसऱ्यापुढं मटणाचं ताट, आणि मधल्या ताटलीतला दहीकांदा दोघांचा.

पैशाचा आक्षेप मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. आमच्या वर्गात एक कारखानदार आहे आणि एक रिक्षा चालवतो. मोठ्या हॉटेलात गेलं तर बिलाच्या वेळी कुणाची नजर कुठं जाते, हे मी पाहिलं आहे. एका वर्षी अशाच एका महागड्या ठिकाणी जेवण झालं, पुढची दोन वर्षं रिक्षावाला मित्र आला नाही. 'वेळ नव्हता' म्हणाला. तेव्हा घरचं जेवण सगळ्यांना परवडतं, हे म्हणणं माझ्या काळजाला भिडतं. पण ते पुरतं खरं नाही. घरी बोलावलं की परत बोलावणं आलं. दोन खोल्यांत राहणाऱ्यानं वीस जणांना कुठं बसवायचं? तो चार वर्षं दुसऱ्याच्या घरी जेवला आणि पाचव्या वर्षी ओशाळून यायचा थांबला तर ते बिल कुठल्या रकमेत मांडायचं? यावर आम्ही एक उपाय काढला आहे: जागा ठरवताना सर्वांत हलका खिसा असलेल्याला आधी विचारायचं. तो ज्या खानावळीचं नाव घेईल तिथंच सगळ्यांनी जायचं आणि प्रत्येकानं स्वतःच्या ताटाचे पैसे द्यायचे. रिक्षावाल्या मित्रानं ज्या खानावळीचं नाव घेतलं तिथं लाकडी बाकडी आहेत, रस्सा हवा तेवढा मिळतो, आणि कारखानदार मित्रही तिथं मिटक्या मारत जेवतो.

बाईच्या हाताला जी कला आहे तिचं काय, असंही विचारलं जातं. वहिनींना करायला आवडतं, तुम्ही त्यांचा आनंद का हिरावता? आवडत असेल, नक्की आवडत असेल. पण त्या कलेला हॉटेलानं मारलं, हे चुकीचं आहे. उलट आपल्याकडे त्या कलेला पहिला मोबदला मिळाला तो खानावळीतच. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार ज्या बायकांच्या घरी जेवत होते, त्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. घरात जे काम फुकट आणि अदृश्य होतं, त्याच कामाला दर आला, हिशोब आला, सही करण्याचा अधिकार आला. कोल्हापुरात गल्लोगल्ली 'घरगुती खानावळ' अशी पाटी दिसते. त्या पाटीमागं बहुतेकदा एखादी बाई आहे आणि तिनं पोरं शिकवली आहेत. तिच्याकडे जाऊन जेवणं आणि वहिनींकडून फुकट करून घेणं, यात कलेचा मान कशात आहे?

आता राहिला तो आक्षेप, ज्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. वहिनींना मोकळं करून तुम्ही त्यांच्या जागी दुसऱ्याला उभं केलं. खानावळीच्या आतल्या अंगाला धुरात भाकरी थापणारी बाई आहे, बाहेर अठरा-वीस वर्षांचं पोरगं रश्श्याची बादली घेऊन पळतं आहे. ती कुणाच्या पंगतीत बसतात? कायद्यात आठवड्याची सुट्टी आहे. ती किती ठिकाणी खरी मिळते हे आपण कधी विचारलं? मी याला उडवून लावणार नाही. मला एवढंच म्हणता येतं की त्या बाईच्या कामाला मजुरी आहे, आणि जिथं मजुरी आहे तिथं कमी मजुरीबद्दल भांडता येतं, जास्त तासांबद्दल भांडता येतं. पण भांडण तिच्या एकटीवर सोडून आपण ढेकर देऊन उठायचं, हे बरोबर नाही. जेवणाऱ्यांनी विचारायला हवं. तुमचा बंदचा वार कोणता? आत काम करणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? तुम्ही कधी जेवता? आपण भाकरी कडक झाली तर मालकाला बोलावतो, मग हे विचारायला जीभ का अडखळते?

यंदा आम्ही ते विचारलं. वाढणाऱ्या पोरानं सांगितलं की शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर, रात्री अकराच्या पुढं ते जेवतात, आणि गप्पा मारत बसणारी मोठी टोळी असली की बारा वाजतात. म्हणून यंदा सातलाच जमलो आणि साडेनऊच्या आत बाकडी मोकळी केली. उरलेल्या गप्पा रंकाळ्याच्या कट्ट्यावर. घरी बोलावणारा मित्रही आला, थोडा रुसून, पण वहिनींना घेऊन आला. त्या माझ्या शेजारी बसल्या. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी त्यांची मान स्वयंपाकघराकडं वळत होती. मग भाकरी कुस्करली, लिंबू पिळलं, जेवायला लागल्या. पोरगं दुसऱ्यांदा रस्सा घेऊन आलं आणि त्यानं पांढऱ्याचा पळा पुढं केला, तसा वहिनींनी वाटीवर हात आडवा धरला.

"पांढरा नको रे बाळा, मला कधीच आवडत नाही. तांबडा घाल."

मित्रानं घास हातात धरून त्यांच्याकडं पाहिलं. पोरानं तांबडा घातला आणि ते पुढच्या ताटाकडं गेलं.